मथूचं ‘असू दे’

मथू, तुझ्या शोकसभेत माझं नाव पुकारलं, मी उठून माईकपाशी गेले, पदर सारखा केला आणि एक शब्दही न बोलता परत येऊन बसले. लोकांना वाटलं, लहानपणची मैत्रीण आहे, कंठ दाटून आला असेल. मागच्या रांगेतल्या दोघीतिघींनी माझ्या पाठीवर हातही फिरवला. खरं सांगू? कंठबिंठ काही दाटला नव्हता. मला राग आला होता.

राग त्या बोलणाऱ्यांचा. माझ्याआधी सहाजण बोलले आणि सहाही जणांनी तेच सांगितलं. एक म्हणाले, ‘‘बहनजी को समझना बहुत आसान था. एकदम सीधी-सच्ची थीं.’’ दुसऱ्यांनी आपल्या शुद्ध पुणेरी वळणाच्या मराठीत सांगितलं की मथुराबाईंच्या आत दया आणि बाहेरही दया, समजायला इतकं सोपं माणूस विरळा. हे गृहस्थ तुला जन्मात तीनदा भेटले असतील. मी तुला परकर-पोलक्यापासून ओळखते, इंदुरातल्या रामबागेत एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे आपण वाढलो, आणि मला तू अजून कळलेली नाहीस. मग त्या माईकपाशी उभं राहून मी काय सांगायचं होतं?

घरी आल्यावर मी हे ह्यांना सांगितलं. हे तुझ्यासाठी ग्वाल्हेरहून रजा काढून आले होते. मध्यभारत राज्य झाल्यापासून ह्यांची सरकारी कचेरी अर्धं वर्ष तिकडे आणि अर्धं वर्ष इकडे, आणि त्या निम्म्या संसाराची तू किती थट्टा करायचीस. ह्यांनी चहा बशीत ओतला आणि म्हणाले, ‘‘अगं, त्यात काय समझायचं? समोरचा भुका होता, तिने रोटी दिली. सीधी बात आहे. तू जबरन गुंता करून राहिली.’’

जबरन नाही गं. मला खरंच कुतूहल आहे, आणि तू गेल्यापासून ते कमी व्हायच्या ऐवजी वाढलंच आहे. आपमतलबी माणूस कसा लगेच कळतो. माझ्या धाकट्या जावेला माझ्या पाटल्या हव्या आहेत, हे मला पंधरा वर्षांपासून ठाऊक आहे, त्यामुळे ती मला तळहातासारखी कळते. वाण्याला नफा हवा, साहेबाला मुजरा हवा. पण ज्याला स्वतःसाठी काहीच नको असतं त्याला धरायचं कुठे? ते काय केल्याने खूश होतं, कशाने दुखावतं? तुला कुणी जिलबी आणून दिली तर तू ती अर्ध्या मिनिटात दुसऱ्याच्या पोराच्या हातात द्यायचीस. मला शेवटपर्यंत कळलं नाही, तुला जिलबी आवडायची की नाही.

लहानपणी तशी नव्हतीस, हे मी कुणाहीसमोर शपथेवर सांगेन. सागरगोट्यांत तू चोऱ्या करायचीस. पकडलं की उलट माझीच वेणी ओढायचीस. एकदा मी तुझ्या काकूला तुझी चुगली केली म्हणून माझी नवी कोरी पाटी तू विहिरीत टाकलीस आणि वर काठावर उभी राहून ‘‘बुडाली बरं का!’’ असं ओरडलीस. तुझा राग सगळ्या आळीला माहीत होता. मग एकविसाव्या वर्षी तू परत माहेरी आलीस, पांढऱ्या कपाळाची. दोन वर्षं माजघरातून बाहेर पडली नाहीस. आणि बाहेर पडलीस ती थेट परदेशीपुऱ्यात मिलच्या बायकांना अक्षरओळख शिकवायला. त्यानंतर मी तुला रागावलेली कधी पाहिलीच नाही. माझा प्रश्न अगदी साधा आहे. तो राग गेला कुठे?

तुझ्या ओसरीवरच्या त्या सकाळी मला रोज आठवतात. तू म्युनिसिपालिटीची मेंबर झालीस आणि माणसांची रीघ लागली. कुणी पोलोग्राउंडकडच्या कारखान्यात बोट गमावलेला, कुणी सांवेरहून पहाटेच्या गाडीने आलेली म्हातारी, ‘‘बेन, म्हारो कागद बणई दो’’ म्हणत बसलेली. अर्ज लिहायचं काम माझं. शाळेत माझ्या अक्षराचं आणि भाषेचं कौतुक व्हायचं, त्याची घमेंड मला होतीच. तुझी पद्धत मात्र जगावेगळी. सगळे पुढारी चिठ्ठी देतात, ‘पत्रवाहकाचे काम करावे’ आणि खाली सही. तू कधी कुणाला चिठ्ठी दिली नाहीस. त्या माणसाला टांग्यात शेजारी बसवून तू स्वतः कचेरीत जायचीस आणि त्याच्याबरोबर रांगेत उभी राहायचीस. तुझ्यासाठी खुर्ची आणली की म्हणायचीस, ‘‘दो ले आइए.’’

एक सकाळ तर डोळ्यांसमोरून जात नाही. मिलमध्ये काम करणारी रामप्यारी आली होती, तुझ्या सुरुवातीच्या वर्गातली. त्यांच्या चाळीच्या नळाला पाणी येत नव्हतं. मी मोठ्या ऐटीत लिहिलं, ‘हम दीन, दुर्बल, अबला स्त्रियाँ आपके चरणों में’. तू कागद हातात घेतलास, वाचलास आणि पेन्सिलीने एक आडवी रेघ मारलीस.

‘‘तिला विचारलं तू, ती अबला आहे का म्हणून?’’

‘‘अगं, असं लिहायची पद्धत असते. साहेबांना दया आली पाहिजे ना.’’

‘‘साहेबाच्या दयेने नळाला पाणी येत नाही, अंबे. पाइप बदलला की येतं. जे आहे ते लिही.’’

रामप्यारी आपली आळीपाळीने दोघींकडे बघत होती. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तीच म्हणाली, ‘‘लिख दो, नल सूखा है, हम दूर से पानी लाते हैं, टाँगें दुखती हैं.’’ तेच गेलं. मी दिवसभर फुगून बसले. माझं इतकं सुरेख वाक्य खोडलंस म्हणून, आणि पाणी दहा दिवसांत आलं म्हणून जास्तच.

आणि तुझं ते ‘असू दे’. ते तर मी किती ऐकलं असेल! एक चपराशी तुझ्याशी चक्क खोटं बोलला होता, पुढे लाजून पाया पडायला आला. तू म्हणालीस, असू दे. दारू पिऊन तुझ्या दारात आईबहिणीवरून शिव्या देणारा माणूस दुसऱ्या दिवशी खाली मान घालून उभा राहिला. तेव्हाही असू दे. हिंदीवाल्यांना ‘जाने दो, भैया’. आवाज एकच, मऊ, खालच्या पट्टीतला, आणि हात जरासा पुढे, जसा आपण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो तसा. माणसं हलकी होऊन जायची. मला ते बघायला आवडायचं. एके दिवशी तेच माझ्या वाट्याला येईल, असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं.

आता तो दिवस. तो टाळून मला तुझ्याशी काही बोलताच येणार नाही.

चार वर्षांपूर्वी चैत्रातलं माझ्याकडचं हळदीकुंकू. तू नुकतीच निवडून आली होतीस आणि मला तुझा असा अभिमान वाटत होता की सगळ्या रामबागेला मी सांगत सुटले होते, आमची मथू येणार आहे. बोलावणं करायला मी तुझ्याकडे आले तेव्हा तू सुपात तांदूळ निवडत होतीस. तू हात थांबवलास.

‘‘अंबे, विचार करून बोलव. मी आली तर तुझ्या त्या बायका काय म्हणतील?’’

‘‘म्हणू देत. घर माझं आहे. सगळ्यांच्या आधी तुला कुंकू लावीन.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की गं. आता शपथ घालू का?’’

तू पुन्हा तांदूळ निवडायला लागलीस, पण मला वाटतं तू हसलीस.

तू आलीस. बारीक काठाचं धुवट लुगडं, न्हालेले केस, आणि हातात पिशवीभर कैऱ्या, कारण माझ्याकडे रिकाम्या हाताने तू कधी आली नाहीस. गौरीची आरास झाली होती, डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं तयार. सतरंजीवर पंचवीसतीस बायका. तुझ्या शेजारी आमच्या गल्लीच्या वकीलीणबाई बसल्या होत्या, ज्यांच्या शब्दाबाहेर आम्ही कुणी जात नव्हतो. मी करंडा घेऊन उठले. सगळ्यांच्या आधी तुझ्याकडे यायचं होतं. मी दाराजवळच्या बाईपासून सुरुवात केली. म्हटलं, क्रमानेच जाऊ, काय बिघडलं. एक, दोन, पाच, सात बायका झाल्या. मग तू. तू चेहरा जरासा वर केला होतास. आणि मी वकीलीणबाईंकडे सरकले.

सगळ्या जणी एकदम मोकळेपणाने बोलायला लागल्या. तू तो वर केलेला चेहरा हळूच आराशीकडे वळवलास, जसं काही तुला तेच बघायचं होतं. मी डाळ दिली तेव्हा तू हात पुढे केलास, चव घेतलीस आणि म्हणालीस, ‘‘डाळ फर्स्ट क्लास. मीठ थोडं कमी.’’ सगळ्या गेल्यावर तू पितळी भांडी घासायला बसलीस. मी नको म्हटलं तरी बसलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या ओसरीवर आले. तू म्हणालीस, ‘‘ये, आज चार अर्ज आहेत.’’ बस. नेहमीसारखं. तू फुगली असतीस, दार लावून घेतलं असतंस, माझी दुसरी एखादी पाटी विहिरीत टाकली असतीस, तर मी कशी रडून भेकून पाया धरले असते! तू मला त्याची जागाच ठेवली नाहीस.

तरी मी तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा चैत्रातच. म्हटलं, मथे, त्या दिवशी गडबडीत माझा हात चुकला गं. तू अर्जावरून मान वर केलीस, माझ्याकडे जरा वेळ पाहिलंस आणि म्हणालीस, ‘‘असू दे.’’ तोच आवाज! त्या दारुड्याला काढलेला. दुसऱ्यांदा दिवाळीत, फराळाचं ताट देताना. म्हटलं, इतक्या बायका होत्या, लक्षातच राहिलं नाही. असू दे. तिसऱ्यांदा टांग्यात, परदेशीपुऱ्याहून येताना. मी तोंड उघडलं आणि तू टांगेवाल्याला विचारलंस, घोड्याचा पाय आता कसा आहे म्हणून. तो घोड्याची गोष्ट सांगत राहिला ती पार तुझं दार येईपर्यंत.

चौथ्यांदा मी माफी मागितली नाही, दुसऱ्याच वाटेने गेले. आपण दोघीच होतो, म्हणून सरळ विचारलं, ‘‘मथे, तुला कुणाचा रागच येत नाही का गं?’’

‘‘येतो ना.’’

‘‘कुणाचा?’’

‘‘आत्ता तर तुझा. किती शाई सांडून राहिली बघ.’’

यावर आपण दोघी हसलो. वाद तिथेच अर्धा राहिला आणि मग तुला तो शेवटचा ताप आला.

तुला कधी सांगितलं नाही, पण त्या चार वर्षांत मला एकच भीती होती. तू रागावली आहेस याची नव्हे. तू रागावलेली नाहीस, याची. म्हणजे बघ, मी तुझी मैत्रीण होते, भांडणातली, वेण्या ओढण्यातली. आणि त्या दिवसानंतर मी तुझ्या ओसरीवरच्या माणसांपैकी एक झाले असेन, तर? ज्यांच्यावर तू दया करतेस, ज्यांच्याकडून तुझी काही अपेक्षाच नसते, त्यांच्यातली एक? तुझी दया इंदुरात सगळ्यांना पुरली. पण मला ती नको होती. मला माझी जागा हवी होती, आणि ती अजून आहे की गेली, हे तुझ्या चेहऱ्यावरून कळायला काही मार्ग नव्हता. म्हणून म्हणते, त्या सभेतल्या लोकांना तू सोपी वाटलीस याचं मला नवल वाटत नाही. ज्यांना तुझ्याकडून फक्त माफी हवी होती, त्यांना तू सोपीच होतीस.

तुझ्या बाराव्याला रामप्यारी आली. सोबत चाळीतल्या आणखी बायका होत्या. जेवणं झाल्यावर मी आणि ती मागच्या अंगणात बसलो. ती आता थकली आहे, मिल सुटली, पण आवाज तसाच खणखणीत. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी तिला विचारलं, ‘‘रामप्यारी, बहनजी को कभी गुस्सा आता था क्या?’’

ती हसायला लागली. ‘‘आपको नहीं मालूम?’’

‘‘नाही. मतलब, नहीं.’’

‘‘आपके घर वो चैत वाला कार्यक्रम हुआ था ना? उस दिन शाम को सीधी मेरे यहाँ आईं. ऐसा गुस्सा मैंने बाई जात में नहीं देखा. चौके में बैठ के एक घंटा आपको सुनाती रहीं.’’

‘‘मला? मुझे?’’

‘‘आपको ही. अंबू ऐसी, अंबू वैसी, अंबू बचपन से डरपोक. बोलीं, कुंकू का मुझे क्या करना है, मैंने माँगा था क्या? उसने जबान क्यों दी? रोटी बेलने को मैंने बेलन दिया, तो तीन रोटी बेलीं, तीनों टेढ़ी.’’

मी हळूच विचारलं, ‘‘फिर माफ कब किया?’’

रामप्यारीने तोंडातली सुपारी गालात सरकवली. ‘‘कहाँ किया? मैंने बोला था, बहनजी, आप तो सबको माफ कर देती हो. तो बोलीं, दूसरी कोई होती तो वहीं के वहीं कर देती. अंबू को नहीं करूँगी. अंबू पहले सच बोले.’’

मी हसले, मथू. बाराव्याच्या दिवशी, तुझ्या घरच्या अंगणात, मोठ्याने हसले. तुझी वहिनी दारात येऊन बघून गेली. आणि हसता हसता जे रडू फुटलं ते काही केल्या थांबेना. रामप्यारी माझा हात धरून बसून राहिली. तिला वाटलं असेल, आपण भलतंच काही बोलून बसलो. तिला काय सांगू, की चार वर्षांत इतकी चांगली बातमी मला कुणी दिली नव्हती.

तर मथू, ऐक आता. हात चुकला नव्हता. गडबड नव्हती. लक्षातही होतं. सकाळपासून माझ्या मनात दुसरं काही नव्हतंच. मी दाराजवळून सुरुवात केली ती वेळ काढायला. तुझ्यासमोर आले तेव्हा मी वकीलीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, काही नाही, नुसत्या माझ्या हाताकडे बघत होत्या. तुझा वर केलेला चेहरा मला दिसला. नीट दिसला. तू काय समजून तो वर केलास हेही मला कळलं. आणि ते कळूनसुद्धा, उद्या आपल्याकडे बायका येणार नाहीत, एवढ्याशा भीतीपायी मी पुढे सरकले. मी भित्री आहे. तुला दिलेला शब्द मी ठरवून मोडला, आणि वर चार वर्षं तुझ्याशी खोटं बोलले.

रोज सकाळी दोन तास मी तुझ्या शेजारी बसत होते. तू वाट बघत होतीस आणि मी वळणदार अक्षर काढत होते.

आता तू समजायला सोपी होतीस की अवघड, हे मला कुणी विचारू नये. विचारलंच, तर मी सांगेन की मला माहीत नाही, मी तिच्या दयेतल्या माणसांपैकी नव्हते. मी चुकले, मथू. पण आता तिथून माझ्यासाठी काही असू दे-बिसू दे म्हणू नकोस. सगळ्या इंदुरात तू माफ केलं नाहीस अशी मी एकटीच आहे, आणि मला तशीच राहू दे.